खेळांचा कारखाना आणि सरकारची थैली

मुलांच्या हातांतील मोबाइल काढून घेऊन “खेळ पुरे, आतां अभ्यासाला बस” असें ज्या घरांत म्हटलें जात नाहीं, असें घर आज ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत शोधूनहि सांपडणार नाहीं. अशा वेळीं हेच खेळ रचणाऱ्या धंद्याला सरकार लोकांच्या तिजोरींतून कोट्यवधि रुपयांचें साहाय्य करणार, ही बातमी पालकांस चमत्कारिक वाटावी यांत नवल नाहीं. ता. १६ सप्टेंबर २०२५ रोजीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ॲनिमेशन, दृश्य-परिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या पांच कलांच्या उद्योगांसाठीं एक धोरण मंजूर केलें, व त्यासाठीं २०५० सालापर्यंत ३,२६८ कोटि रुपयांचा आराखडा आंखला. मुलगा म्हणतो, “पाहा, सरकारच पैसे देत आहे.” वडील म्हणतात, “सरकारला दुसरें काम उरलें नाहीं काय?” दोघांचेंहि म्हणणें अर्धवट माहितीवर उभें आहे. हा पैसा कोणाला मिळतो, कां मिळतो, कोणत्या अटींवर मिळतो आणि त्यांत धोका कोणता, हें समजून घेणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘ऑनलाइन गेम’ या एकाच नांवाखालीं आपण तीन भिन्न गोष्टी एका गांठोड्यांत बांधतों. पहिली गोष्ट म्हणजे खेळ रचण्याचा उद्योग. यांत चित्रकार, संगीतकार, कथालेखक आणि संगणकाची आज्ञावली लिहिणारे कारागीर एकत्र येऊन, नाटक बसवावें तसा, खेळ तयार करतात. दुसरी गोष्ट ई-स्पोर्ट्स, म्हणजे असे खेळ चढाओढीनें, नियम व पंच ठेवून, सामन्यांच्या रूपानें खेळणें. तिसरी गोष्ट म्हणजे जिंकण्याच्या आशेनें पैसे लावून खेळण्याचे खेळ. नांव कांहींहि दिलें तरी ही तिसरी जात जुगाराच्या कुळांतलीच होय.

कायद्यानें हा भेद आतां स्पष्ट केला आहे. डिसेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोंपविला. पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन गेमिंगचें प्रोत्साहन व नियमन करणारा कायदा संमत केला व ता. २२ रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. या कायद्यानें पैशाचे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटि रुपयांपर्यंत दंड, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेविलेली नाहीं. त्याला गुन्हेगार न समजतां फसलेला समजलें आहे. अशा खेळांमुळें सुमारें ४५ कोटि लोकांस झळ लागली व २०,००० कोटि रुपयांहून अधिक नुकसान झालें, असा अंदाज सरकारनें त्या वेळीं दिला होता. त्याच कायद्यानें ई-स्पोर्ट्सला रीतसर स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली व त्याच्या शिक्षणसंस्थांना आणि संशोधनाला उत्तेजन देण्याची तरतूद केली. तेव्हां सरकारी साहाय्याची गोष्ट निघाली कीं ती पहिल्या दोन गोष्टींची असते, तिसरीची नव्हे, हें पालकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

खाजगी धंद्याला सार्वजनिक पैसा देणें ही कल्पना नवी आहे काय? मुळींच नाहीं. ज्या लोहमार्गावरून आपले पालक रोज मुंबईस जातात तोच याचा सर्वांत जवळचा दाखला आहे. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि ता. १ मे १८५४ रोजीं तो मार्ग कल्याणपर्यंत पोंचला. हा मार्ग बांधणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही खाजगी कंपनी होती. विलायतेंतील भांडवलवाले परक्या देशांत पैसा गुंतविण्यास कचरत होते. म्हणून १८४९ च्या करारानें ईस्ट इंडिया कंपनीनें त्यांना भांडवलावर शेंकडा ५ टक्के व्याजाची हमी दिली. धंद्यांत तितकी प्राप्ति झाली नाहीं तर उणी पडलेली रक्कम हिंदुस्थानच्या महसुलांतून भरून द्यावयाची, असा तो ठराव होता. त्यामुळें रेल्वे झाली, हें खरें. परंतु नफा निश्चित असल्यामुळें काटकसर करण्याची निकड कंपन्यांस उरली नाहीं, खर्च वाढला आणि त्याचा भार रयतेवर पडला, हेंहि तितकेंच खरें. सरकारी साहाय्याचे गुण आणि दोष हे दोन्हीहि या एका उदाहरणांत सामावलेले आहेत.

दुसरा दाखला शाळांचाच घ्या. १८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्यानें खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धति सुरू झाली. तीमध्यें अट अशी कीं, सरकारचे तपासनीस येऊन शिक्षणाची पाहणी करतील आणि काम समाधानकारक दिसलें तरच पैसा मिळेल. ‘अनुदान’ आणि ‘तपासणी’ हे शब्द तेव्हांपासून जोडीनें चालत आले आहेत. तिसरा दाखला आपल्या शेजारचा. ता. १ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येंच झाला. सरकारनें जमीन, रस्ता व पाणी पुरवावें आणि उद्योजकानें कारखाना काढावा, ही रीत ठाणें व डोंबिवली येथील दोन पिढ्यांनीं डोळ्यांनीं पाहिली आहे. खेळालाहि राजाश्रय नवा नाहीं. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीचें मैदान बांधलें, तें दरबारच्या पैशानेंच.

सरकारी साहाय्य मुख्यतः चार रूपांनीं येतें. पहिलें रूप अनुदान, म्हणजे परत न करावयाची रक्कम. दुसरें कर्ज किंवा कर्जाची हमी. तिसरें करसवलत, म्हणजे कंपनीनें केलेल्या खर्चाच्या प्रमाणांत तिच्यावरील कराचा भार कमी करणें. चौथें रूप सोयींचें, म्हणजे जागा, यंत्रें, शिक्षण व प्रयोगशाळा पुरविणें. कॅनडांतील क्यूबेक प्रांतानें १९९६ पासून खेळ रचणाऱ्यांच्या पगाराच्या खर्चावर करसवलत दिली आणि पुढच्याच वर्षीं यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें मॉन्ट्रिऑल शहरांत आपला कारखाना उघडला. आज तें शहर या धंद्याचें एक मोठें पीठ आहे. ब्रिटननें २०१४ सालीं अशीच सवलत सुरू केली, पण तिला एक सांस्कृतिक परीक्षा जोडली. खेळाचें स्थळ, पात्रें, भाषा, तो बनविणारे लोक यांवरून गुण द्यावयाचे. ३१ पैकीं १६ गुण मिळाले तरच सवलत. लोकांच्या पैशानें घडलेल्या खेळांत त्या लोकांचें कांहीं प्रतिबिंब असावें, असा त्यांतला आशय आहे.

आतां मूळ प्रश्न असा कीं, हा धंदा नफ्याचा असेल तर त्याला मदत कशाला? उत्तर भांडवलाच्या स्वरूपांत आहे. गिरणीवाला बँकेकडे गेला तर जमीन व यंत्रें तारण ठेवतो. खेळ रचणाऱ्याजवळ तारण ठेवण्यासारखें काय असतें? दहा-वीस कारागिरांची बुद्धि आणि एक अर्धवट बांधलेली कल्पना. खेळ पुरा होण्यास दोन-तीन वर्षें लागतात. तोंपर्यंत पगार द्यावे लागतात आणि एक पैसाहि घरांत येत नाहीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. राजस्थानी वास्तुकला आणि पुराणकथा यांच्या आधारें ‘राजी’ नांवाचा खेळ रचण्याचें त्यांनीं मनांत घेतलें. २०१७ सालीं त्यांनीं इंटरनेटवर लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला. तरीहि त्यांनीं काम सोडलें नाहीं. २०२० सालीं खेळ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीं अमेरिकेंतील गेम अवॉर्ड्समध्यें पहिल्या पदार्पणाच्या उत्तम खेळांत त्याचें नामांकन झालें. ही मंडळी तगली. परंतु अशा अडचणींत गुण असूनहि किती जण बुडत असतील, याचा अंदाज कोणीहि करावा. नव्या धंद्याच्या आरंभींची ही दरी ओलांडण्यासाठीं पूल बांधून देणें, हें सरकारी साहाय्याचें समर्थनीय कारण होय.

दुसरें कारण शिक्षणाचें आहे. एका कंपनीनें शिकविलेला कारागीर उद्यां दुसऱ्या कंपनींत जातो. म्हणून कोणतीहि एक कंपनी शिकविण्यावर पुरेसा खर्च करीत नाहीं. हें काम समाजानेंच करावें लागतें. केंद्र सरकारनें २०२२ च्या अर्थसंकल्पांत या उद्योगांसाठीं एक कृतिदल नेमण्याचें जाहीर केलें, त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा अहवाल आला, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें मुंबईंत राष्ट्रीय केंद्र स्थापन करण्यास मान्यता मिळाली. त्यांतूनच ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ ही संस्था उभी राहिली. केंद्रानें तिच्यासाठीं ३९१ कोटि रुपयांची तरतूद केली, ता. १८ जुलै २०२५ रोजीं मुंबईंत तिच्या पहिल्या वास्तूचें उद्घाटन झालें, आणि तिचें कायमचें स्थान गोरेगांवच्या चित्रनगरींत ठरलें. विद्यार्थ्यांनीं विशेष लक्ष द्यावें अशी गोष्ट ता. १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पांत आहे. देशांतील १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयें यांमध्यें या कलांच्या प्रयोगशाळा उघडण्यासाठीं वरील संस्थेस साहाय्य देण्याचें त्यांत योजिलें आहे. २०३० पर्यंत या क्षेत्रास वीस लाख कारागीर लागतील, असा अंदाजहि त्या वेळीं सांगण्यांत आला. तेव्हां सरकारची थैली केवळ कंपन्यांपुढेंच सुटते असें नव्हे. तिचें तोंड शाळेकडेहि वळलेलें आहे.

आतां थोडें अंकगणित करूं. महाराष्ट्राच्या ३,२६८ कोटींपैकीं पहिल्या पांच वर्षांसाठीं ३०८ कोटि आणि पुढील वीस वर्षांसाठीं २,९६० कोटि अशी विभागणी आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें राज्याची लोकसंख्या ११ कोटि २४ लाख. त्या हिशेबानें पहिल्या पांच वर्षांत दर माणशीं खर्च सुमारें २७ रुपये, म्हणजे वर्षाला साडेपांच रुपयांच्या आंतच. राज्याची अपेक्षा अशी कीं, यांतून ५०,००० कोटि रुपयांची गुंतवणूक येईल व दोन लाख रोजगार निर्माण होतील. म्हणजे सरकारच्या एका रुपयामागें इतरांचे पंधरा रुपये, आणि एका रोजगारामागें सरकारचा खर्च सुमारें १ लाख ६३ हजार रुपये. अपेक्षा आणि फळ यांत मात्र पेरणी आणि कापणी यांच्याइतकें अंतर असतें. कर्नाटकानें अशा धोरणाचा आरंभ २०१२ मध्येंच केला होता. तेलंगण व इतर राज्येंहि शर्यतींत आहेत. राज्यें एकमेकांवर चढाओढ करून सवलती वाढवूं लागलीं तर कंपन्यांचा लाभ होतो, पण देशाच्या एकंदर उद्योगांत भर पडतेच असें नाहीं.

हा पैसा प्रत्यक्ष हातांत कसा पडतो, तेंहि पाहूं. डोंबिवलीच्या चार पदवीधरांनीं एक खेळ रचण्याचें ठरविलें, अशी कल्पना करा. केवळ ‘आम्हांला खेळ चांगला खेळतां येतो’ एवढ्यावर त्यांना कोणी कांहीं देणार नाहीं. प्रथम त्यांनीं रीतसर कंपनी नोंदविली पाहिजे व केंद्राच्या उद्योग-विभागाकडून नवउद्योग म्हणून मान्यता घेतली पाहिजे. केंद्रानें २०२१ सालीं नवउद्योगांच्या बीजभांडवलासाठीं ९४५ कोटि रुपयांची जी योजना सुरू केली, तिची रचना नमुन्यादाखल पाहण्यासारखी आहे. तीमध्यें पैसा सरकार स्वतः वांटीत नाहीं. नवउद्योगांचें संगोपन करणाऱ्या मान्य संस्थांमार्फत तो दिला जातो. कल्पना सिद्ध करून नमुना बनविण्यासाठीं वीस लाखांपर्यंत अनुदान, आणि माल बाजारांत आणण्यासाठीं पन्नास लाखांपर्यंत कर्जाच्या स्वरूपाची रक्कम, अशी तिची मर्यादा. अनुदान एकरकमी न देतां ठरलेला टप्पा गांठल्यावर हप्त्यांनीं द्यावयाचें. यावरून दिसेल कीं, अशा ठिकाणीं कौशल्याइतकीच हिशेबाची वही चोख लागते. उत्तम चित्र काढणारा पण जमाखर्च न ठेवणारा कारागीर दुसऱ्या हप्त्यापर्यंत पोंचत नाहीं.

आतां धोक्याकडे वळूं. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या संस्थानानें २०१० सालीं ‘३८ स्टुडिओज’ या गेम-कंपनीस ७५ दशलक्ष डॉलरच्या कर्जाची हमी दिली. बेसबॉलचा विख्यात खेळाडू कर्ट शिलिंग हा कंपनीचा संस्थापक; त्याचा लौकिक मोठा होता, आणि ४५० रोजगार देण्याचें आश्वासनहि मोठें होतें. २०१२ च्या आरंभीं कंपनीचा एक खेळ निघाला, मे महिन्यांत सर्व नोकरांस घरीं बसावें लागलें, आणि जूनमध्यें कंपनीचें दिवाळें निघालें. हमी दिल्यामुळें ऋणाचा बोजा करदात्यांवर आला. आपण मघां केलेलें अंकगणित येथें करून पाहा. एका आश्वासित रोजगारामागें सरकारनें एक लाख साठ हजारांहून अधिक डॉलर पणाला लावले होते, आणि तेहि सर्व एकाच कंपनीवर. यांतून निघणारा धडा साधा आहे: एका मोठ्या नांवास सर्व थैली देण्यापेक्षां अनेक लहान प्रयत्नांस थोडें थोडें द्यावें, हप्त्यांनीं द्यावें, आणि जें कंपनी बुडाली तरी मागें उरतें, म्हणजे शिक्षण, प्रयोगशाळा व कारागिरांचें कसब, त्यावर अधिक खर्च करावा.

ई-स्पोर्ट्सच्या बाबतींत एक निराळीच अडचण आहे. कबड्डीचा धनी कोणी नाहीं. आट्यापाट्यांचे नियम कोणाच्या मालकीचे नाहींत. परंतु ई-स्पोर्ट्समधील प्रत्येक खेळ एका कंपनीच्या मालकीचा असतो. ‘पबजी मोबाइल’ या खेळावर आपल्या सरकारनें सप्टेंबर २०२० मध्यें बंदी घातली. त्याची भारतीय आवृत्ति २०२१ मध्यें आली, जुलै २०२२ मध्यें तीहि काढून घेण्यांत आली आणि मे २०२३ मध्यें पुन्हा उपलब्ध झाली. ज्यांनीं त्यावरच उपजीविकेची इमारत उभारली होती त्यांचें या काळांत काय झालें असेल, याचा विचार करावा. हा मार्ग सर्वस्वीं पोकळ आहे असें मात्र नव्हे. २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनाच्या रूपानें आलें, २०२३ मध्यें हांगझौ येथें त्यास पदकांचा मान मिळाला, आणि २०२५ च्या बिहारमधील खेलो इंडिया युवक स्पर्धांतहि तें प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळलें गेलें. तरीहि पदकापर्यंत पोंचणारे बोटांवर मोजण्याइतके असतात; खेळ रचण्याच्या कामांत मात्र शेंकडों हात लागतात.

म्हणून पालकांस नम्र सूचना अशी कीं, मुलाच्या आवडीला सरसकट ‘नाद’ म्हणूं नये आणि वर्तमानपत्रांतील कोटींचे आंकडे वाचून सरसकट ‘भवितव्य’हि म्हणूं नये. ज्या खेळांत प्रवेशासाठीं पैसे मागतात व जिंकल्यास पैसे देऊं म्हणतात, त्यापासून मुलास दूर ठेवावें. एखादा शिकवणी-वर्ग मोठी फी सांगूं लागला तर प्रमाणपत्र कोणाचें, शिकविणारानें स्वतः काय रचलें आहे, आणि मागील विद्यार्थी आज कोठें काम करीत आहेत, हे तीन प्रश्न अवश्य विचारावे. सरकारी धोरणाचें नांव जाहिरातींत छापलें म्हणजे सरकारची हमी मिळाली असें होत नाहीं. सरकारी अनुदान नियमांत बसणाऱ्या कंपनीस किंवा संस्थेस मिळतें. घरांत बसून खेळणाऱ्या मुलास तें मिळत नाहीं, हेंहि त्याला प्रेमानें समजावून सांगावें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसहि दोन शब्द. पडद्यावरचा चेंडू उसळतो तो भूमितीच्या व गतिशास्त्राच्या नियमांनीं. किल्ल्याच्या भिंतीवर सांवली पडते ती त्रिकोणमितीच्या आधारानें. पात्र बोलतें तें कोणीतरी लिहिलेल्या भाषेंत. मराठी कथा, मराठी गांव, मराठी विनोद खेळांत आणावयाचे तर ते मराठी उत्तम जाणणाराच आणूं शकेल. तेव्हां जो अभ्यास तुम्हांस खेळाचा वैरी वाटतो, तोच त्याच्या कारखान्याची गुरुकिल्ली आहे. तासभर खेळण्याऐवजीं त्या तासांत एक लहानसा खेळ स्वतः रचून पाहा. खेळणारा आणि रचणारा यांतला भेद लगेच कळेल.

शेवटीं, या पैशाचे खरे धनी आपणच आहोंत हें विसरतां कामा नये. बाजारांतून एखादी करपात्र वस्तु घेणारा विद्यार्थीसुद्धां कराच्या रूपानें तिजोरींत कांहीं घालीतच असतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें कोणत्याहि नागरिकास सरकारी खर्चाचा हिशेब मागतां येतो. पांच वर्षांनीं ३०८ कोटींचें काय झालें, त्यांतून किती कारागीर तयार झाले, ठाणें-कल्याणच्या किती तरुणांना गोरेगांवची गर्दीची गाडी न धरतां आपल्या गांवाजवळ काम मिळालें, हें विचारण्याचें काम आज वर्गांत बसलेल्या तुम्हां मुलांचें आहे. ठाण्याच्या रुळांचा हिशेब विचारणें आपल्या पूर्वजांच्या हातीं नव्हतें. या नव्या मार्गाचा हिशेब विचारणें तुमच्या हातीं आहे. अनुदान घेणाऱ्यानें तें फेडावें कष्टानें, आणि देणाऱ्या समाजानें तें राखावें जागरूकतेनें.